लोकप्रिय गव्हर्नर आणि दर दोन वर्षांची परीक्षा: व्हर्मॉन्टच्या निवडणुकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या निवडणुकांवर लिहायला लागल्यापासून सर्वांत जास्त प्रश्न राष्ट्राध्यक्षपदाबद्दल येतील असं वाटलं होतं. ते येतातच, पण व्हर्मॉन्ट या लहानशा राज्याच्या गव्हर्नरबद्दलचे प्रश्न थांबत नाहीत. ‘सगळं राज्य एका पक्षाचं आणि गव्हर्नर दुसऱ्या पक्षाचा, हे कसं?’ हा त्यांतला मुख्य प्रश्न. पुण्यातून, नाशिकमधून, बोस्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींकडून आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग गुंतागुंतीचे.

१. गव्हर्नर म्हणजे राज्यपालच ना? मग त्यांची निवडणूक कशी होते?

शब्द एक, पण पद वेगळं. आपल्याकडचे राज्यपाल राष्ट्रपती नेमतात आणि रोजचा कारभार मुख्यमंत्री पाहतात. अमेरिकेत गव्हर्नर हाच राज्याच्या कारभाराचा प्रमुख. खात्यांचे प्रमुख तो नेमतो, अर्थसंकल्प तो मांडतो, विधेयकावर सही करायची की ते नाकारायचं हेही तो ठरवतो. म्हणून समजून घेताना मनात मुख्यमंत्री धरावा. एक मोठा फरक मात्र आहे: आपला मुख्यमंत्री सभागृहातल्या बहुमतावर टिकतो, गव्हर्नरला लोक थेट निवडतात. त्याच्या पक्षाचे आमदार अल्पमतात असले तरी त्याची खुर्ची हलत नाही. याच कारणासाठी मी या पानावर ‘राज्यपाल’ हा शब्द टाळला आहे.

२. अमेरिकेत पन्नास राज्यं आहेत. तुम्ही व्हर्मॉन्टच का घेता? केवढं आहे ते?

लहान आहे. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण ६ लाख ४३ हजार भरली. २०११ साली आपल्या एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची त्याहून जास्त, साडेआठ लाखांच्या घरात होती. राजधानी मॉन्टपीलियरमध्ये जेमतेम आठ हजार माणसं राहतात. देशातल्या राज्यांच्या राजधान्यांत ती सर्वांत लहान.

व्हर्मॉन्ट निवडण्याचं कारण हे की, लोकप्रिय माणूस सत्तेवर असताना निवडणूक कशी होते, ते इथे फार स्वच्छ दिसतं. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये इथल्या मतदारांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कमला हॅरिस यांना सुमारे ६३ टक्के मतं दिली, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. त्याच दिवशी त्याच मतदारांनी गव्हर्नर म्हणून रिपब्लिकन फिल स्कॉट यांना ७० टक्क्यांहून जास्त मतं दिली.

३. निवडणूक किती वर्षांनी होते?

दर दोन वर्षांनी. व्हर्मॉन्ट आणि शेजारचं न्यू हॅम्पशायर या दोनच राज्यांत गव्हर्नरची मुदत दोन वर्षांची आहे, बाकी सगळीकडे चार. १८७० पर्यंत तर व्हर्मॉन्टमध्ये दरवर्षी निवडणूक व्हायची. मतदान सम वर्षी, नोव्हेंबरमधल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी.

‘दोन वर्षांत काय काम होणार?’ हेही बरेच जण विचारतात. अडचण खरी आहे. पहिल्या वर्षी बस्तान बसवायचं आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा लोकांसमोर उभं राहायचं. पण या रचनेचा एक गुण मला महत्त्वाचा वाटतो. लोकप्रियता चार वर्षं साठवून ठेवता येत नाही. ती इतक्या वेळा मोजली जाते की घसरली तर लगेच कळते. (२०१८ साली ती घसरली होती, प्रश्न ७ पाहा.)

४. एकाच माणसाला किती वेळा उभं राहता येतं?

कितीही वेळा. मेरीलँडमध्ये लॅरी होगन हे असेच लोकप्रिय रिपब्लिकन गव्हर्नर होते, पण लागोपाठ दोन मुदतींच्या मर्यादेमुळे २०२२ मध्ये त्यांना उभं राहता आलं नाही. व्हर्मॉन्टमध्ये अशी मर्यादाच नाही. हॉवर्ड डीन १९९१ ते २००३ या काळात साडेअकरा वर्षं गव्हर्नर होते. फिल स्कॉट २०१६, २०१८, २०२०, २०२२ आणि २०२४ असे पाच वेळा निवडून आले.

५. हे फिल स्कॉट कोण? आधी काय करायचे?

जन्म १९५८चा, बॅरी या ग्रॅनाइटच्या खाणींसाठी प्रसिद्ध गावातला. अनेक वर्षं ते एका बांधकाम कंपनीचे भागीदार होते. २००१ पासून राज्याच्या सेनेटमध्ये दहा वर्षं, मग २०११ पासून सहा वर्षं लेफ्टनंट गव्हर्नर (म्हणजे उपगव्हर्नर). पण व्हर्मॉन्टमध्ये पुष्कळ लोक त्यांना मोटारींच्या शर्यतींमुळे आधीपासून ओळखत होते. बॅरीतल्या ‘थंडर रोड’ या छोट्या ट्रॅकवर त्यांनी कित्येक शर्यती मारल्या आहेत, गव्हर्नर झाल्यावरसुद्धा. आपल्याकडे गावच्या जत्रेत बैलगाडा पळवणारा माणूस पुढे आमदार झाला तर गाव त्याच्याकडे ज्या नजरेनं बघेल, तशीच ही ओळख आहे.

६. डेमोक्रॅटिक राज्यात रिपब्लिकन माणूस पुन्हा पुन्हा कसा काय निवडून येतो?

या एका प्रश्नावर मला सर्वांत जास्त लिहावंसं वाटतं.

पहिली गोष्ट इतिहासाची. व्हर्मॉन्ट कायम डेमोक्रॅटिक नव्हतं. १८५०च्या दशकापासून १९६२ पर्यंत इथे सलग रिपब्लिकन गव्हर्नर होते. पुढे राज्य बदललं, पण स्थानिक रिपब्लिकन माणसाला मत द्यायची सवय अनेक घरांमध्ये राहिली. हा स्थानिक रिपब्लिकन खर्चाला जपणारा आणि सामाजिक बाबतींत मवाळ असायचा. स्कॉट त्याच घडणीतले. गर्भपाताच्या हक्काला त्यांचा पाठिंबा आहे. २०२० मध्ये आपण बायडन यांना मत दिलं, असं त्यांनी मतदानानंतर उघड सांगितलं. २०२४ मध्ये हॅरिस यांना दिल्याचंही सांगितलं. स्वतःच्या पक्षाच्या राष्ट्रीय नेत्याला आपण मत दिलेलं नाही, असं सांगणारा सत्तेतला माणूस विरळाच. त्यामुळे डेमोक्रॅटिक मतदाराला त्यांच्या नावापुढची खूण करताना आपण वॉशिंग्टनमधल्या कुणाला बळ देतोय, ही भीती वाटत नाही.

दुसरी गोष्ट संकटांची. २०२० मध्ये करोनाच्या काळात त्यांच्या नियमित पत्रकार परिषदा लोक घरी बसून ऐकत. त्यांनी प्रचार जवळजवळ केलाच नाही, आणि आधीच्या खेपेला ५५ टक्क्यांवर असलेली त्यांची मतं सुमारे ६८ टक्क्यांवर गेली. जुलै २०२३ च्या महापुरात मॉन्टपीलियर आणि बॅरीच्या बाजारपेठा पाण्यात गेल्या, तेव्हा त्यांच्या घराकडचा रस्ताही बंद होता. ते जंगलातल्या पायवाटेनं चालत मोकळ्या रस्त्यापर्यंत आले आणि कामावर पोचले. इतक्या लहान राज्यात अशी गोष्ट संध्याकाळपर्यंत घरोघरी जाते.

तिसरी गोष्ट मला निर्णायक वाटते. सभागृह डेमोक्रॅटांकडे असल्यामुळे करवाढीला कुणीतरी हात धरून ‘जरा थांबा’ म्हणणारं हवं, असं अनेक डेमोक्रॅटिक मतदारांनाच वाटतं. ते आमदार डेमोक्रॅट निवडतात आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला गव्हर्नर रिपब्लिकन निवडतात. यात गोंधळ अजिबात नाही. त्यांनी विचार करून केलेली ही वाटणी आहे.

७. म्हणजे ते पहिल्यापासून सगळ्यांचे लाडके होते का?

नाही. २०१६ मध्ये आधीचे गव्हर्नर पुन्हा उभे राहिले नाहीत आणि स्कॉट यांनी डेमोक्रॅट स्यू मिंटर यांना साधारण ५३ विरुद्ध ४४ टक्क्यांनी हरवलं. खरी परीक्षा २०१८ मध्ये आली. त्या फेब्रुवारीत फेअर हेवन गावच्या शाळेत गोळीबार करण्याचा एका तरुणाचा बेत उघडकीला आला. बंदुकांच्या नव्या कायद्याची गरज नाही, असं म्हणणाऱ्या स्कॉट यांनी आपलं मत बदललं आणि एप्रिलमध्ये विधिमंडळाच्या पायऱ्यांवर उभं राहून बंदुकांवर निर्बंध घालणाऱ्या कायद्यांवर जाहीर सह्या केल्या. समोर त्यांचेच पारंपरिक मतदार त्यांची हुर्यो उडवत होते. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या, ऑगस्टच्या पक्षांतर्गत निवडणुकीत एका प्रतिस्पर्ध्यानं त्यांच्याविरुद्ध जवळपास तिसरा हिस्सा मतं घेतली.

बंद खोलीत सही करता आली असती. लोकांसमोर केली, शिव्या ऐकल्या, आणि नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट क्रिस्टीन हॉलक्विस्ट यांच्याविरुद्ध निवडून आले. (हॉलक्विस्ट या मोठ्या पक्षाकडून गव्हर्नरपदाची उमेदवारी मिळालेल्या देशातल्या पहिल्या पारलिंगी उमेदवार होत्या.) मला वाटतं, आजच्या ७० टक्क्यांचा पाया त्या पायऱ्यांवर घातला गेला.

८. पक्षांतर्गत निवडणुकीत मत द्यायला पक्षाचं सदस्य असावं लागतं का?

नाही. व्हर्मॉन्टमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवताना पक्ष विचारतच नाहीत. ऑगस्टमधल्या दुसऱ्या मंगळवारी होणाऱ्या या मतदानात मतदाराला सगळ्या मोठ्या पक्षांच्या मतपत्रिका देतात. त्यातली एक भरायची, बाकीच्या कोऱ्या परत करायच्या. दोन भरल्या तर मत बाद.

९. पन्नास टक्के मतं कुणालाच मिळाली नाहीत तर फेरमतदान होतं का?

होत नाही. राज्यघटनेनुसार गव्हर्नरला निम्म्याहून जास्त मतं मिळावी लागतात. ती कुणालाच मिळाली नाहीत, तर जानेवारीत विधिमंडळाची दोन्ही सभागृहं एकत्र बसतात आणि पहिल्या तीन उमेदवारांतून गुप्त मतदानानं एकाची निवड करतात.

हे नुसतं कागदावर नाही. २०१४ मध्ये सत्तेवर असलेले डेमोक्रॅट पीटर शुमलिन ४६ टक्क्यांवर अडकले आणि रिपब्लिकन स्कॉट मिल्न त्यांच्या अगदी मागे, ४५ टक्क्यांवर होते. शेवटी २०१५च्या जानेवारीत आमदारांनी ११० विरुद्ध ६९ मतांनी शुमलिन यांना निवडलं. पदावर असणं म्हणजे लोकप्रिय असणं नव्हे, याचा व्हर्मॉन्टमधला सर्वांत ताजा धडा तोच.

१०. मग आमदारांनी दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला निवडलं तर?

कायद्यानं त्यांना मोकळीक आहे. गव्हर्नरच्या बाबतीत असं शेवटचं १८५३ मध्ये झालं. तेव्हा दुसऱ्या क्रमांकावरचे डेमोक्रॅट जॉन रॉबिन्सन गव्हर्नर झाले. लेफ्टनंट गव्हर्नरच्या बाबतीत १९७६ मध्येही घडलं. एरवी ज्याला जास्त मतं त्यालाच निवडायचं, हा संकेत आमदार पाळतात. (२०२५ मध्येही पाळला, प्रश्न १३.)

११. एवढी मतं मिळतात, म्हणजे स्कॉट म्हणतील तेच होत असेल ना?

इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत हे चित्र दिसेल: सरपंच थेट जनतेतून निवडून आलेला, भरघोस मतांनी, आणि सदस्यांचं बहुमत समोरच्या पॅनेलचं. सरपंचाला गाव ओवाळतं, पण ठराव मासिक सभेत अडतो. व्हर्मॉन्टमध्ये नेमकं हेच घडलं.

विधिमंडळात खालच्या सभागृहात १५० आणि सेनेटमध्ये ३० जागा. गव्हर्नरनं विधेयक नाकारलं तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी त्याचा नकार मोडता येतो. २०२२ मध्ये स्कॉट प्रचंड मतांनी जिंकले, आणि त्याच निवडणुकीत डेमोक्रॅट आणि त्यांच्या जोडीच्या प्रोग्रेसिव्ह या छोट्या पक्षाच्या आमदारांना दोन तृतीयांशांच्या वर जागा मिळाल्या. पुढची दोन वर्षं स्कॉट नकार देत राहिले आणि सभागृह तो मोडत राहिलं. २०२३ मध्ये घरं तापवण्याच्या इंधनाबाबतचा कायदा असा झाला, त्या वर्षीचा अर्थसंकल्पही. विधेयकं नाकारण्याच्या बाबतीत व्हर्मॉन्टच्या इतिहासात स्कॉट यांच्या जवळपासही कुणी नाही.

इतक्या नकारांचं कौतुक करावं की काळजी, यावर माझं मत काळजीकडे झुकतं. इतक्या वेळा नाही म्हणावं लागतं, याचा अर्थ मसुदा तयार होत असताना दोन्ही बाजू एकमेकांशी पुरेशा बोललेल्या नाहीत. दोष एकट्या गव्हर्नरचा नाही आणि एकट्या सभागृहाचाही नाही, पण त्याची किंमत मालमत्ता कर भरणारा मोजतो.

१२. त्यांच्या लोकप्रियतेचा त्यांच्या पक्षाला कधीच फायदा झाला नाही का?

बरीच वर्षं नाही. २०२४ मध्ये झाला, आणि त्याचं कारण मालमत्ता कर.

व्हर्मॉन्टमध्ये शाळांचा खर्च गावोगावचे लोक मार्चमधल्या ग्रामसभेच्या सुमारास मत देऊन ठरवतात, पण पैसा राज्याच्या एका समाईक शिक्षण निधीतून येतो आणि त्यातला मोठा वाटा मालमत्ता कराचा. त्या वर्षी हा कर सरासरी १४ टक्क्यांच्या आसपास वाढणार असं दिसल्यावर अनेक गावांनी शाळांची अंदाजपत्रकं फेटाळली. स्कॉट यांनी कराचं विधेयक नाकारलं, जूनमध्ये सभागृहानं त्यांचा नकार मोडला. मग स्कॉट यांनी स्वतःपेक्षा जास्त जोर आमदारकीच्या उमेदवारांवर लावला. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन आमदार सेनेटमध्ये ७ वरून १३ झाले आणि खालच्या सभागृहात ५६. बहुमत डेमोक्रॅटांकडेच राहिलं, पण दोन तृतीयांश गेलं. ‘तुम्ही मला निवडता आणि माझे हात बांधून ठेवता’ हे त्यांचं गाऱ्हाणं लोकांना तेव्हा पटलं, कारण कराची नोटीस हातात होती.

१३. लेफ्टनंट गव्हर्नर त्यांच्याच जोडीनं निवडून येतो ना?

नाही, वेगळं मत द्यायचं असतं, त्यामुळे दोघं वेगळ्या पक्षांचे असू शकतात आणि अनेकदा असतातच. २०२० मध्ये स्कॉट यांच्याविरुद्ध उभे राहिलेले डेव्हिड झकरमन त्या वेळी त्यांचेच लेफ्टनंट गव्हर्नर होते! झकरमन २०२२ मध्ये त्या पदावर परत आले आणि २०२४ मध्ये जॉन रॉजर्स यांच्या मागे पडले. रॉजर्स आधी डेमोक्रॅट सेनेटर होते, त्याच वर्षी रिपब्लिकन झाले. पन्नास टक्के दोघांनाही मिळाले नाहीत, म्हणून जानेवारी २०२५ मध्ये विधिमंडळात मतदान झालं आणि डेमोक्रॅटांच्या बहुमतानंही पुढे असलेल्या रॉजर्स यांनाच निवडलं: १५८ विरुद्ध २१. हे वाचून मला मनापासून बरं वाटलं होतं.

१४. हरणार हे माहीत असताना विरोधक उभे तरी का राहतात?

हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या सुरात थोडी कीव असते. ती नसावी. २०२२ मध्ये ब्रेंडा सीगल आणि २०२४ मध्ये एस्थर चार्लस्टिन यांना २० ते २५ टक्क्यांच्या दरम्यान मतं मिळाली. निधी कमी, मोठी नावं बाजूला बसलेली. तरी सीगल यांच्यामुळे बेघरांचा आणि अंमली पदार्थांमुळे होणाऱ्या मृत्यूंचा प्रश्न प्रचारात बोलला गेला. सत्तेतल्या लोकप्रिय माणसाला समोरासमोर प्रश्न विचारणारं कुणीतरी हवंच. स्कॉट उमेदवारी सहसा मे महिन्यात, अधिवेशन संपत आलं की जाहीर करतात. तोपर्यंत मोठे डेमोक्रॅट नेते थांबून राहतात आणि मग उशीर होतो. सर्वांत कठीण लढत त्यामुळे सर्वांत कमी साधनं असलेल्यांच्या वाट्याला येते.

१५. सत्तेवर असलेला गव्हर्नर इथे कधी हरलाच नाही का?

शेवटचा हरला १९६२ मध्ये. रिपब्लिकन एफ. रे कीझर यांना फिलिप हॉफ यांनी अगदी थोड्या मतांनी हरवलं. प्रश्न १० मधल्या रॉबिन्सन यांच्यानंतर तब्बल १०९ वर्षांनी डेमोक्रॅट निवडून आला होता. १९६२ नंतर सत्तेवरचा एकही गव्हर्नर हरलेला नाही. शुमलिन थोडक्यात वाचले (प्रश्न ९) आणि २०१६ मध्ये उभे राहिले नाहीत.

१६. मी बर्लिंग्टनला राहतो, ग्रीन कार्ड आहे. गव्हर्नरसाठी मत देता येईल का?

नाही. कृपया देऊही नका, नोंदणीचा अर्जही भरू नका. राज्याच्या आणि देशाच्या निवडणुकीत मत फक्त नागरिकांना आहे. चुकून केलेली नोंदणीसुद्धा पुढे नागरिकत्वाच्या अर्जात मोठी अडचण करू शकते.

गोंधळ होण्याचं कारण मात्र रास्त आहे. मॉन्टपीलियर, विनूस्की आणि बर्लिंग्टन या तीन शहरांत कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी नागरिकांना शहराच्या निवडणुकीत मत देता येतं. या बदलांना स्कॉट यांनी नकार दिला होता, सभागृहानं तो मोडला. तुमचं मत महापालिकेपुरतं आहे. त्याची यादी आणि मतपत्रिका वेगळी असते. शंका असेल तर शहराच्या क्लार्कच्या कार्यालयात आधी विचारा.

१७. मी नुकतीच नागरिक झाले. नोंदणीची मुदत गेली असेल का?

व्हर्मॉन्टमध्ये मतदानाच्या दिवशीही केंद्रावर नाव नोंदवता येतं. नोंदणी करताना मतदाराची शपथ घ्यावी लागते: आपल्या सद्सद्विवेकाला राज्याच्या भल्याचं वाटेल तसंच मत देईन, अशा आशयाची. नोव्हेंबरच्या निवडणुकीची मतपत्रिका नोंदणीकृत मतदारांना टपालानं घरी येते. ऑगस्टची मागवावी लागते. भरलेली मतपत्रिका मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत पोचली पाहिजे. टपालाचा शिक्का चालत नाही.

१८. गव्हर्नर व्हायला किमान वय किती?

घटनेत लिहिलेलंच नाही. अट आहे ती राज्यात चार वर्षं राहिलेलं असण्याची. म्हणून २०१८ मध्ये एक १४ वर्षांचा शाळकरी मुलगा डेमोक्रॅटिक पक्षाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत उभा राहिला आणि त्याला हजारो मतं मिळाली. पक्षाच्या मतपत्रिकेवर नाव यायला राज्यभरातून ५०० सह्या लागतात. त्या त्यानं जमवल्या होत्या.

१९. मुदतीच्या मधेच गव्हर्नरचं निधन झालं तर पोटनिवडणूक होते का?

होत नाही, लेफ्टनंट गव्हर्नर गव्हर्नर होतो, मग तो दुसऱ्या पक्षाचा का असेना. ऑगस्ट १९९१ मध्ये रिपब्लिकन रिचर्ड स्नेलिंग यांचं पदावर असताना निधन झालं. डेमोक्रॅट लेफ्टनंट गव्हर्नर हॉवर्ड डीन पेशानं डॉक्टर. ही बातमी आली तेव्हा ते दवाखान्यात रुग्ण तपासत होते.

२०. काम आवडलं नाही तर लोकांना गव्हर्नरला परत बोलावता येतं का?

कॅलिफोर्नियात येतं, व्हर्मॉन्टमध्ये नाही. गंभीर गुन्हा असेल तर विधिमंडळ महाभियोग चालवू शकतं. नुसती नाराजी असेल तर पुढच्या नोव्हेंबरची वाट पाहायची, आणि ती इथे दोन वर्षांहून लांब कधीच नसते.